खिशातली दवंडी

पावसाळ्यातली रात्र. उशाशी ठेवलेला फोन वाजतो. ‘अप्पर वर्धाचे दरवाजे उघडले. नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’ आष्टी तालुक्यात ज्याचं वावर नदीकडे आहे, ज्याचा मोटरपंप काठावर आहे, तो हे वाचून पुन्हा कूस बदलून झोपू शकत नाही. तो उठून बसतो आणि त्याला पहिला प्रश्न पडतो : हे आजचं की मागच्या श्रावणातलं? संदेशावर तारीख नाही. पाठवणाऱ्याला विचारावं, तर त्यालाही दुसऱ्या कोणीतरी पाठवलेलं.

कोतवालाच्या दवंडीत असं होत नसे. तो डफडं वाजवत चौकात उभा राहायचा. हुकूम कोणाचा, कधीपासून आणि करायचं काय, एवढं सांगूनच तो पुढच्या चौकात जायचा. शंका आली तर कोतवालाला गाठता यायचं, कारण निरोपाला धनी होता. आता दवंडी प्रत्येकाच्या खिशात आली आहे. तिने माणसं वाचवली आहेत, हे पहिल्यांदा मान्य केलं पाहिजे. आणि धनी नसलेल्या दवंडीने माणसं मारली आहेत, हेही तितकंच खरं आहे. या दोन्ही बाजूंच्या काही गोष्टी इथे सांगतो. सुरुवात आपल्या धरणापासून.

‘मे’चा ‘से’ झाला की पाणी पस्तीस पट कमी

अप्पर वर्धा धरण मोर्शीजवळ सिंभोऱ्याला आहे. दरवाजे १३, जलाशयाचं नाव नल-दमयंती सागर. वर्धा नदीच्या अलीकडे आपला वर्धा जिल्हा, पलीकडे अमरावती जिल्हा. धरणातून किती पाणी सोडलं, हे आपल्याकडच्या पत्रकांत बहुधा ‘घनमीटर प्रति सेकंद’ म्हणजे क्युमेकमध्ये येतं. पुण्या-साताऱ्याकडच्या बातम्यांत मात्र क्युसेक, म्हणजे घनफूट प्रति सेकंद. एका घनमीटरमध्ये सुमारे ३५ घनफूट बसतात. तेव्हा ‘५०० क्युमेक’ टाइप करताना कोणाचं बोट घसरून ‘५०० क्युसेक’ झालं, तर फोनवरचं पाणी एका अक्षरात पस्तीस पटींनी आटतं. नदीतलं तेवढंच राहतं. उलटी चूक झाली तर गाव विनाकारण रात्रभर जागं.

आणखी एक शब्द नीट वाचावा असा आहे : दलघमी. दशलक्ष घनमीटर. हा साठा झाला, वाहतं पाणी नव्हे. साठ्याचा आकडा विसर्ग म्हणून फिरवला की अनर्थ. तसंच ‘१३ दरवाजे उघडले’ एवढ्यानेही काही कळत नाही. ते ३० सेंटिमीटरने उघडले की दोन मीटरने, यावर काठावरच्या पंपाचं नशीब ठरतं.

कोल्हापूरकरांची शाळा

या बाबतीत कोल्हापूरकरांकडून शिकण्यासारखं आहे. पावसाळ्यात तिथल्या फोनांवर फिरणारा सगळ्यांत महत्त्वाचा संदेश म्हणजे पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी. तारीख, वेळ, फूट, इंच. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. एवढा कोरडा संदेश, पण चहाच्या टपरीवरचा माणूसही तो वाचून सांगतो की आता कुठल्या रस्त्यावर पाणी येईल, कुठल्या गल्लीतलं सामान हलवायला हवं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये नदी धोका पातळीच्या कितीतरी वर गेली, नुकसान अफाट झालं. तरी मोजपट्टीवरचा आकडा रोज वाचायची सवय असलेलं गाव आणि ‘नदीला महापूर, सावधान!!!’ असं वाचून घाबरणारं गाव यांत मोठा फरक असतो.

उद्गारचिन्हं मोजा. तीन असली की आकडा बहुधा नसतोच.

मोवाडला फोन असता तर?

३० जुलै १९९१. आपल्या वरच्या अंगाला, नरखेड तालुक्यात वर्धा नदीकाठी वसलेलं मोवाड. नदी गावात शिरली आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. विदर्भातल्या जुन्या माणसांसमोर मोवाडचं नाव काढलं की आजही क्षणभर सगळे गप्प होतात. तेव्हा वरच्या गावाने खालच्या गावाला सांगायचं म्हटलं तर माणूस धावायला हवा, नाहीतर फोन लागायला हवा, आणि गावात फोन किती असायचे! आज नदीच्या वरच्या अंगाचा एक मुलगा दहा सेकंदांचं चित्रण खाली पाठवू शकतो. नदी उतारावरून येते, तिला वेळ लागतो. संदेशाला लागत नाही. सोशल मीडियाचा सगळ्यांत मोठा फायदा मला विचाराल तर तो हाच : वरच्या गावाला खालच्या गावाशी बोलता येणं.

पुन्हा ३० जुलै

बरोबर २३ वर्षांनी, ३० जुलै २०१४ रोजी, पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेलं. दीडशेच्या आसपास माणसं गेली. ही बातमी बाहेर आली ती एसटीमुळे. नेहमीच्या फेरीवर आलेल्या चालकाला रोज दिसणारं गाव जागेवर दिसलं नाही, आणि त्याने कळवलं. २०१४ म्हणजे फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप सगळं जोरात असलेलं साल. पण संदेश पाठवायला गावात माणूस उरला पाहिजे आणि डोंगरात टॉवर पोहोचला पाहिजे.

२२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळीये कोसळलं तेव्हा हेच झालं. वीज नाही, नेटवर्क नाही, रस्ते पाण्याखाली. मदत पोहोचायला फार वेळ गेला. त्याच दिवशी चिपळूण बुडालं. पहिल्या मजल्यावर अडकलेल्या माणसांच्या हातात फोन होते, पण बॅटरी संपत चालली होती. सोशल मीडियाची ही सर्वांत साधी आणि सर्वांत दुर्लक्षित मर्यादा आहे. तो विजेवर आणि टॉवरवर चालतो, आणि आपत्तीत पहिल्यांदा जातात ती हीच दोन. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपात हॅम रेडिओवाल्या हौशी मंडळींनी निरोपांची वाट मोकळी ठेवली होती. ते जुनं तंत्र आजही जुनं झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाजलेला भोंगा

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड आली. त्या वेळच्या बातम्यांनुसार वाडीतली काही मुलं रात्री शाळेच्या खोलीत मोबाईलवर खेळत बसली होती. ती वाचली आणि त्यांनीच आरडाओरडा करून इतरांना सावध केलं. मोबाईलने थेट जीव वाचवल्याचं याहून वेगळं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

योगायोग असा की दुसऱ्याच दिवशी, २० जुलैच्या सकाळी, महाराष्ट्रातल्या अनेक फोनांनी एकदम मोठा भोंगा वाजवला आणि पडद्यावर ‘आपत्कालीन इशारा’ आला. लोक दचकले. ती सरकारची चाचणी होती. या तंत्राला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात, आणि त्याची खुबी अशी की त्याला इंटरनेट लागत नाही, तुमचा नंबरही लागत नाही. टॉवरच्या टप्प्यातल्या, ही सोय असलेल्या सगळ्या फोनांवर एकदम संदेश उतरतो. ग्रुप नाही, ॲडमिन नाही, पुढे ढकलणं नाही. ही खरी सरकारी दवंडी : धनी माहीत, गाव माहीत, वेळ माहीत. असा इशारा आला की बंद कसा करायचा हे शोधत बसू नका, आधी वाचा.

बेचाळीसची बातमीबंदी

आष्टीला लोक आष्टी शहीद म्हणतात ते १६ ऑगस्ट १९४२ मुळे. नागपंचमीचा दिवस होता. मोर्चा पोलीस ठाण्यावर गेला, गोळीबार झाला, आपली माणसं हुतात्मा झाली. त्याच दिवशी चिमूरलाही उठाव झाला आणि त्यानंतर तिथल्या लोकांवर अनन्वित अत्याचार झाले. सरकारने बातम्यांवर बंधनं घातली. सेवाग्राम आश्रमातले प्रा. जयकृष्ण भणसाळी यांनी चिमूरच्या चौकशीसाठी ६३ दिवसांचा उपवास केला, तर त्या उपवासाची बातमी छापायलाही मनाई झाली. त्याच्या निषेधार्थ जानेवारी १९४३ मध्ये देशातल्या अनेक वर्तमानपत्रांनी एक दिवस अंकच काढला नाही.

आपत्तीच्या लेखात हे कशाला, असं वाटेल. पण संकटाच्या काळात बातमी दाबली की काय होतं, हे आपल्या मातीने फार लवकर पाहिलं आहे. छापील बातमी थांबते, कानोकानी पसरणारी थांबत नाही. आज अफवा आली की इंटरनेट बंद करण्याचा मोह होतो. त्यात अफवेबरोबर ‘आम्ही छतावर आहोत, होडी पाठवा’ हा निरोपही बंद होतो. अफवेला उत्तर म्हणजे तहसील कार्यालयाचा तितकाच चपळ, तारीखवार, सही असलेला संदेश. पूर ओसरल्यावर निघणारं प्रसिद्धिपत्रक नव्हे.

अफवेला फोन लागत नाही

सगळा दोष व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणाऱ्यांसाठी तीन नोंदी.

१९३४ च्या बिहार भूकंपानंतर अशा अफवा पसरल्या की भूकंपाच्या वेळी गंगेचं पाणीच नाहीसं झालं, आणि येत्या ग्रहणाला पुन्हा मोठा भूकंप होणार. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी या अफवा गोळा करून १९३५ मध्ये त्यांवर शोधनिबंध लिहिला. पुढे ‘घाबरलेला माणूस आपल्या भीतीला शोभेल अशी बातमी शोधतो’ हे सांगताना अमेरिकेतल्या लिऑन फेस्टिंगर यांनी या बिहारी अफवांचाच आधार घेतला. मानसशास्त्रातल्या एका जगप्रसिद्ध सिद्धांताच्या मुळाशी आपल्या देशातल्या गावगप्पा आहेत.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. तेव्हा ट्विटर जन्मायला एक वर्ष होतं, व्हॉट्सअ‍ॅपला चार. तरी दोन दिवसांनी जुहूच्या नेहरूनगर वस्तीत ‘धरण फुटलं, पाणी येतंय’ अशी हूल उठली आणि चेंगराचेंगरीत डझनाहून अधिक माणसं गेली.

२२ जानेवारी २०२५. जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये ‘आग लागली’ असं कोणीतरी ओरडलं. घाबरून प्रवासी शेजारच्या रुळावर उतरले, आणि त्या रुळावरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. डझनभर माणसं गेली. आग लागलीच नव्हती.

राईनपाडा

मग फोनने काय वाढवलं? वेग, आणि चित्र. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे’ असे संदेश भागात फिरत होते. सोलापूरकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. त्यांचा काहीही गुन्हा नव्हता.

त्या काळात देशभर फिरलेल्या चित्रणांपैकी एक तर कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेली जाहिरात होती. मोटरसायकलवरून आलेले दोघे मूल उचलून नेतात, आणि शेवटी ते मूल परत आणून सोडतात, हातात जनजागृतीचा फलक धरून. कोणीतरी शेवटचा भाग कापला. काही सेकंदांच्या कात्रीने जाहिरातीचा पुरावा झाला. चित्रण अर्धवट संपलं की पुढे काय होतं ते विचारायला हवं, ही सवय मला तेव्हापासून लागली.

राईनपाड्याच्या महिन्यातच व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. जगातल्या कोट्यवधी फोनांवर आज दिसणाऱ्या या नियमामागे भारतातल्या अशा मृत्यूंची मालिका आहे. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या दिवसांत, दोन बाणांचं चिन्ह असलेला म्हणजे पुन्हा पुन्हा फिरून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं ठरलं. असे संदेश ७० टक्क्यांनी घटले, असं कंपनीने नंतर सांगितलं. तुमच्या ग्रुपवरही ते दोन बाण दिसतात. त्यांचा अर्थ ‘खूप लोकांनी तपासलं’ असा नाही. ‘खूप लोकांनी न तपासता पाठवलं’ असाच बहुधा असतो.

खोटं किती जोरात धावतं?

अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ट्विटरवरच्या हजारो बातम्या तपासल्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्के जास्त. दीड हजार माणसांपर्यंत पोहोचायला खऱ्याला खोट्याच्या सहापट वेळ लागला. आणि हे यंत्रांनी केलं नव्हतं, माणसांनीच केलं होतं.

दुसरा अभ्यास दिल्लीच्या आयआयआयटीतल्या संशोधकांचा. २०१२ मध्ये अमेरिकेला सँडी वादळाने झोडपलं तेव्हा रस्त्यावर शार्क मासे पोहताना दाखवणारे बनावट फोटो फिरले. असे १०,३५० संदेश त्यांनी तपासले. त्यांतले ८६ टक्के निव्वळ पुढे ढकललेले होते, आणि हे ढकलणं मुख्यतः अवघ्या ३० खात्यांच्या भोवती फिरत होतं. गावालाही हे लागू आहे. सगळा गाव अफवा पसरवत नाही. चार-सहा उत्साही माणसं असतात. त्यांच्याशी प्रेमाने बोललं तर निम्मं काम होतं.

कोंबडीने काय केलं होतं?

फेब्रुवारी-मार्च २०२०. ‘कोंबडी खाल्ल्याने करोना होतो’ हा बिनबुडाचा संदेश फिरला आणि महाराष्ट्रातल्या कुक्कुटपालकांचे भाव उत्पादन खर्चाच्याही खाली कोसळले. विषाणू गावात पोहोचायच्या आधी अफवेने शेतकऱ्याचं घर बुडवलं. रोगाची आपत्ती वेगळी, बातमीची वेगळी, आणि दुसरीची भरपाई कुठल्याच पंचनाम्यात बसत नाही.

भूकंपाच्या पुढे धावलेला निरोप

जमिनीतून भूकंपाच्या लाटा सेकंदाला काही किलोमीटर वेगाने जातात. संदेश त्याहून कितीतरी वेगाने. २३ ऑगस्ट २०११ ला अमेरिकेतल्या व्हर्जिनियात भूकंप झाला तेव्हा न्यूयॉर्कमधल्या काही जणांनी ‘इथे हादरा बसला’ हे आधी वाचलं आणि मग त्यांच्या पायाखालची जमीन हलली. आज अँड्रॉइड फोन स्वतःच भूकंपमापकाचं काम करतात. टेबलावर पडलेल्या अनेक फोनांना एकदम कंप जाणवला की इशारा सुटतो. ही सोय भारतात २०२३ पासून आहे.

‘मी सुखरूप आहे’

जपानच्या २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर फेसबुकवाल्यांना सुचलं की अशा वेळी माणसाला एकच गोष्ट सांगायची असते : मी बरा आहे. त्यातून २०१४ मध्ये ‘सेफ्टी चेक’ आलं. २०१५ च्या नेपाळ भूकंपात ते अनेक घरांना दिलासा देऊन गेलं. एका बटणाने शंभर फोन वाचतात, आणि शंभर फोन वाचले म्हणजे रुग्णवाहिकेचा फोन लागतो. पण मार्च २०१६ मध्ये लाहोरला स्फोट झाला तेव्हा तांत्रिक चुकीने दूरदेशीच्या लोकांनाही ‘तुम्ही सुरक्षित आहात का’ असं विचारलं गेलं, आणि भलतेच लोक हवालदिल झाले. फेसबुकने माफी मागितली.

त्सुनामी, मुंबईकर आणि एक अनुदिनी

फेसबुक-ट्विटर आपल्याकडे पोहोचण्याच्या आधीची गोष्ट. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली. मुंबईतल्या पीटर ग्रिफिन, दीना मेहता आणि रोहित गुप्ता यांनी लगेच एक ब्लॉग उघडला : कुठे मदत हवी, कोण देणार, बेपत्ता कोण. जगभरातून स्वयंसेवक जोडले गेले आणि काही दिवसांत तो मदतीचा मोठा फलक झाला. आपत्तीसाठी सोशल मीडिया वापरण्याच्या जागतिक इतिहासात हे पान महाराष्ट्रातून लिहिलं गेलं आहे, याचा आपल्याला अभिमान हवा.

हीच परंपरा २९ ऑगस्ट २०१७ ला दिसली. ऐन गणेशोत्सवात मुंबई तुंबली आणि अनोळखी लोकांनी अडकलेल्यांसाठी घराची दारं उघडली. पत्ते आणि नंबर याद्यांतून फिरले. ते पाहून ऊर भरून येतो. मात्र पाणी ओसरल्यावरही ते पत्ते फिरतच राहतात, ही दुसरी बाजू. कुणाच्या घराचा पत्ता, एकट्या बाईचा फोन नंबर यांचं काम एका रात्रीपुरतं असतं.

छतावरचं ‘थँक्स’

केरळचा २०१८ चा महापूर म्हणजे सोशल मीडिया नीट वापरला तर काय होतं याचा वस्तुपाठ. सरकारने तरुण तंत्रज्ञांना हाताशी धरून एक संकेतस्थळ उभारलं आणि अडकलेल्यांच्या नोंदी त्यावर येऊ लागल्या. लोक नकाशावरचं नेमकं ठिकाण पाठवू लागले. ‘शाळेमागे, वडाजवळ’ हे बाहेरून आलेल्या जवानाला कळत नाही, नकाशावरचा ठिपका कळतो. मच्छीमारांनी आपल्या होड्या ट्रकवर घालून आणल्या आणि हजारो माणसं बाहेर काढली. एका घराच्या छतावर नंतर पांढऱ्या रंगात ‘थँक्स’ लिहिलेलं वरून दिसलं, नौदलाच्या जवानांसाठी. त्याच पुरात मुल्लपेरियार धरण फुटल्याची खोटी ध्वनिफीतही फिरली आणि आधीच भिजलेल्या माणसांची झोप उडवून गेली.

एका अक्षराची चोरी

मार्च २०२०. ‘पीएम केअर्स’ निधी जाहीर झाल्यावर लगेच चोरांनी ‘पीएम केअर’ नावाचा यूपीआय पत्ता तयार केला. फक्त शेवटचा ‘स्’ गाळलेला. मदत देणाऱ्याचा हात मोकळा असतो आणि डोळे पाणावलेले असतात, चोराला नेमकं हेच हवं असतं. ग्रुपवर आलेला क्यूआर कोड कितीही ओळखीच्या माणसाने टाकला असो, निधीचं नाव आणि खातं स्वतः तपासल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.

सगळंच दाखवायचं नसतं

आपल्याच जिल्ह्यात ३१ मे २०१६ च्या पहाटे पुलगावच्या दारूगोळा भांडारात भीषण स्फोट झाले. अधिकारी, जवान, अग्निशमन कर्मचारी कामी आले. आजूबाजूची गावं अंधारात घराबाहेर पडली. अशा वेळी ‘आम्ही गाव सोडलं, अमुक शाळेत आहोत’ हे सांगणं गरजेचं. कुठून काय जळतंय, जवान कुठे उभे आहेत, याचं चित्रण करून पाठवणं घातक. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात वाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणाचा फायदा सीमेपलीकडच्या सूत्रधारांनी घेतला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात वाहिन्यांना त्यावरून खडसावलं. तेव्हा कॅमेरे मोजके होते. आता प्रत्येक खिशात आहे. आणि मृताचा चेहरा पाठवण्याआधी त्याच्या घरी अजून फोन गेला नसेल, एवढं आठवलं तरी बोट थांबतं.

वीज पडण्याआधी

विदर्भात मृगापासून परतीच्या पावसापर्यंत विजेची भीती. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामान संस्थेने ‘दामिनी’ ॲप बनवलं आहे. तुमच्या आसपास २० ते ४० किलोमीटरच्या टप्प्यात वीज चमकत असेल तर ते इशारा देतं. उत्तम सोय. पण निंदणाला गेलेल्या बाईचा फोन बांधावरच्या पिशवीत असतो, किंवा नसतोच. म्हणून इशारा ज्याच्या हातात आला त्याने वावरात आवाज द्यायचा, झाडाखालून लोकांना हलवायचं, बैल सोडायचे. ॲपचं शेवटचं पाऊल माणसालाच टाकावं लागतं.

कायदा काय म्हणतो?

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५, कलम ५४ : आपत्तीबद्दल खोटा इशारा देऊन किंवा पसरवून घबराट निर्माण करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. कलमात ‘पसरवणं’ही आहे, हे ध्यानात ठेवा. दुसऱ्या बाजूला, ३० एप्रिल २०२१ ला, ऑक्सिजनसाठी देश तडफडत असताना, सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना बजावलं की सोशल मीडियावर मदत मागणाऱ्या नागरिकावर कारवाई केली तर तो न्यायालयाचा अवमान समजू. खोटं पसरवणं गुन्हा, मदत मागणं हक्क. दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

त्या एप्रिलने आणखी एक गोष्ट शिकवली. ‘तातडीने बेड हवा’ हा संदेश बेड मिळाल्यावरही दिवसेंदिवस फिरत होता. स्वयंसेवक जुन्या नंबरांवर फोन करण्यात रात्री घालवत होते आणि ज्याला खरोखर त्या क्षणी बेड हवा होता त्याचा निरोप त्या ढिगाखाली राहत होता. काही ठिकाणी मुलांनी प्रत्येक निरोपासमोर ‘आज सकाळी तपासलं’ असं वेळेसह लिहायला सुरुवात केली. नावगाव नसलेल्या गर्दीत निरोपाला पुन्हा धनी मिळाला तो असा.

आष्टीकरांनो

आपल्या प्रत्येक गावाचा एक तरी ग्रुप आहे. साहूर असो, अंतोरा असो की तळेगाव, या पावसाळ्याच्या आधी एवढं करा. पोलीस पाटील, कोतवाल, सरपंच आणि ग्रामसेवक यांच्यापैकी इशारा कोण टाकणार हे एकदा ठरवा आणि त्या माणसाचा संदेश वर पिन करा. ११२ आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हे दोन नंबर भिंतीवरही लिहा, कारण फोन बंद पडतो, भिंत पडत नाही तोवर नंबर दिसतो. रपट्यावर पाणी आलं असेल तर फोटोखाली तारीख, वेळ, गाव आणि ‘मी स्वतः पाहिलं’ असं लिहून नाव टाका. पाहिलं नसेल तर पाठवू नका. ज्यांच्या घरी स्मार्टफोन नाही, त्यांच्या दारावर थाप मारायला दोन मुलं नेमून ठेवा.

आणि मदत पोहोचली की ‘पोहोचली’ असं लिहा व आपला पहिला संदेश सर्वांसाठी पुसून टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यासाठी दोन दिवसांहून थोडाच जास्त वेळ मिळतो.